चर्चा : जुन्या जीपच्या अ‍ॅल्युमिनियम चाकांना नटांभोवती वेल्डिंग करावे का?

धागा
वडिलांची १९६८ सालची महिंद्रा जीप मी पुन्हा उभी करतो आहे. तिचे पाच स्टड (चाक ज्यांवर नटांनी आवळतात ते आट्याचे खुंट) साडेपाच इंचांच्या, म्हणजे १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत. मला मिळालेल्या जुन्या अ‍ॅल्युमिनियम चाकांनाही पाचच भोके आहेत, पण ती ११४.३ च्या वर्तुळावर. जुनी भोके टिग वेल्डिंगने (टंगस्टनची कांडी आणि आर्गॉन वायूचे आवरण वापरून केलेल्या वेल्डिंगने) भरून, लेथवर तोंड सपाट करून नवी भोके पाडावीत, असे आमच्या वेल्डरचे म्हणणे आहे आणि मला ते पटते. त्याचे काम मी जवळून पाहिले आहे. स्टेनलेसच्या ब्रशने तो धातू उजळेपर्यंत घासतो, आधी थोडा तापवतो आणि मगच आर्गॉन सोडतो. शिवाय ही जीप महिन्यातून दोनदा, चाळीसच्या वेगाने चालणार आहे.

प्रतिसाद १
वेल्डरच्या हाताबद्दल मला शंका नाही. हरकत धातूमुळे आहे. ओतीव चाके बहुधा ए३५६ जातीच्या मिश्रधातूची असतात, त्यात सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असते. त्यांची ताकद ओतण्यातून नव्हे, तर नंतरच्या संस्कारातून येते: सुमारे ५४० अंशांना तापवून पाण्यात विझवणे आणि मग कमी तापमानाला काही तास मुरवणे. वेल्डिंगच्या आचेने भोवतालचा हा संस्कार उतरतो आणि धातू मऊ पडतो, तोही नेमका नटांच्या ताणाखाली. पूर्ण चाक पुन्हा तापवून विझवले, तर ते वाकडे होण्याची भीती. हळू चालवण्याचा मुद्दाही अपुरा आहे, कारण जीपचा सहा-सोळाचा (सहा इंच रुंद, सोळा इंची रिमचा) टायर किलोमीटरला चारशेहून अधिक फेरे घेतो आणि प्रत्येक फेऱ्यात तिथला भार पालटतो. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा सोसतो, अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादा नसते.

प्रतिसाद २
मी असहमत आहे. रिमची दुमडलेली कड वेल्ड करून घेतलेली चाके मी वर्षानुवर्षे वापरली आहेत. काम झाल्यावर चिरांत शिरणारा लाल रंग, म्हणजे डाय, लावून, पुसून, वर पांढरी पूड फवारावी. चीर असेल तर लाल रेघ उमटते. तपासणीची तयारी असलेल्या माणसाला सरसकट ‘नको’ म्हणणे मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद १
ती तपासणी पृष्ठभागापर्यंत आलेली चीर दाखवते, मऊ पडलेला धातू दाखवत नाही. आणि कड वेगळी, मधला भाग वेगळा. कडेच्या दुरुस्तीला मी विरोध करत नाही, आरे आणि नटांची जागा यांना मात्र ठाम विरोध करतो.

प्रतिसाद ३
वेल्डिंगशिवाय होते का, ते आधी पाहावे. नवे भोक जुन्याच्याच रेषेत घेतले तर केंद्रे जेमतेम १२.७ मिलिमीटर दूर राहतात आणि दोन्ही भोके एकमेकांत मिसळतात, म्हणून भराव लागतो. चाक ३६ अंश फिरवून दोन जुन्या भोकांच्या मधोमध आखणी केली, तर हेच अंतर ४१ मिलिमीटर होते. अट एकच, चाकाचे हबला टेकणारे मागचे तोंड तिथे पुरेसे रुंद आणि भरीव हवे. डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतील तर अ‍ॅल्युमिनियम चाकांना बसणारे तसे नट आधी शोधा.

धागाकर्ता
काल चारही चाके पालथी घालून मोजली. मागच्या तोंडाचा बाहेरचा व्यास १५८ भरला, म्हणजे नव्या भोकाच्या केंद्रापासून कडेपर्यंत अवघे नऊ मिलिमीटर आणि भोकाची त्रिज्या वजा केली की दोनच उरतात. भराव घालूनही हे दोन मिलिमीटर वाढत नाहीत, हे वेल्डरनेही मान्य केले. जीपला मूळची लोखंडी चाकेच घासून, रंगवून बसवतो आहे. कडेच्या वेल्डिंगबाबत मात्र माझे मत दुसऱ्या प्रतिसादासारखेच आहे. याच चाकांपैकी एकाची कड दबलेली आहे. ती भरून, डायने तपासून मगच हा संच ११४.३ च्या गाडीवाल्याला देईन आणि कुठे वेल्ड केले आहे ते खडूने दाखवून देईन.