‘काय हवं ते सांगा’ एवढ्यानं भाषा डिक्लेरेटिव्ह होते का?

कंसातला_कंस
काल एक पोस्ट वाचली. ‘काय हवं ते आपण सांगायचं, कसं करायचं ते मशीन बघतं, ती डिक्लेरेटिव्ह भाषा’, आणि खाली यादी: एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), प्रोलॉग (तर्काचे नियम लिहायची भाषा), हॅस्केल, एचटीएमएल, याम्ल. सगळं एकाच पोत्यात. डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. अहो, ‘काय’ आणि ‘कसं’ यांची रेघ तुम्ही कुठे उभे आहात त्यावर सरकते. सी मध्ये दोन आकड्यांची बेरीज लिहिली तर प्रोसेसरमधलं कुठलं रजिस्टर घ्यायचं ते मी सांगतो का? असेंब्ली लिहिणाऱ्याला माझी ती ओळ ‘काय’च वाटणार. मग सी पण डिक्लेरेटिव्ह?

माझी कसोटी एकच: क्रम बदला. अर्थ तोच राहिला तर डिक्लेरेटिव्ह, नाहीतर नाही. आणि यादीत जे सगळ्यात मिरवतं ते प्रोलॉगच इथे नापास होतं. पूर्वजाचा नियम लिहिताना ‘पालक’ आधी आणि ‘पूर्वज’ नंतर लिहिलं तर चालतं, दोघांची जागा बदलली की मशीन स्वतःलाच तोच प्रश्न विचारत राहतं, मेमरीतला स्टॅक भरेपर्यंत. तर्काने दोन्ही वाक्यं एकच आहेत ना?

जुना_डीबीए
कसोटी आवडली, कारण तिनेच मला एकदा रडवलंय. रिपोर्टच्या क्वेरीत दोन अटी होत्या, आधी ‘भाजक शून्य नको’, मग भागाकार अमुकपेक्षा जास्त. दोन वर्षं नीट चालली. मी एक इंडेक्स (डेटा पटकन शोधायची सूची) टाकला, त्यामुळे डेटाबेसने क्वेरी चालवायचा प्लॅन बदलला, आणि महिनाअखेरीला शून्याने भागाकाराची एरर! मी क्वेरीला हातही लावला नव्हता. तेव्हा कळलं की ‘आणि’च्या दोन बाजू लिहिल्या त्याच क्रमाने तपासल्या जातील असं एसक्यूएलने कधी वचनच दिलेलं नाही. ‘केस’, म्हणजे आधी अट तपासून मगच भागाकार करणारी रचना, लावून सोडवलं. म्हणजे मला त्रास झाला तो भाषा खरोखर डिक्लेरेटिव्ह होती म्हणूनच.

तर्कट
प्रोलॉगला नापास करायची एवढी घाई नको. लॉजिक प्रोग्रामिंगवाल्या रॉबर्ट कोवाल्स्कींनी १९७९ मध्येच मांडलंय की अल्गोरिदम म्हणजे लॉजिक अधिक कंट्रोल. तुमच्या दोन्ही नियमांचं लॉजिक एकच आहे, बदलला तो कंट्रोल. तेच नियम डेटालॉगला, म्हणजे प्रोलॉगच्याच साध्या भावंडाला द्या, कुठल्याही क्रमाने द्या, उत्तरं येतात आणि शोध थांबतो. मग दोष भाषेचा की डावीकडून उजवीकडे, खोल खोल जाणाऱ्या शोधाचा? मी आयुष्यातली सहा वर्षं प्रोलॉगमध्ये वेळापत्रकं बसवलीत, त्यामुळे ‘मिरवतं’ हा शब्द झोंबला.

कंसातला_कंस
झोंबला तर झोंबू दे, पण उत्तर द्या. तो शोध प्रोलॉगच्या बाहेरचा आहे का? तोच तर प्रोलॉग आहे. आणि कटचं काय, म्हणजे ‘इथून मागे फिरून दुसरे पर्याय शोधू नको’ या प्रोलॉगच्या खुणेचं? कट काढला की कित्येक प्रोग्रामची उत्तरंच बदलतात. सहा वर्षांत कट न वापरता किती लिहिलंत?

तर्कट
कट वापरला. भरपूर वापरला. तेवढं मान्य, कटनंतर माझा दावा टिकत नाही. पण त्यामुळे कट नसलेला भाग बाद होत नाही.

रात्रपाळी
तुमचं प्रोलॉग राहू द्या, त्या यादीत याम्ल आहे हे कुणालाच खटकलं नाही? याम्ल प्रोग्रामिंगची भाषा नाही, डेटा लिहायची पद्धत आहे! देशांच्या कोडच्या यादीत नॉर्वेचा ‘एनओ’ अवतरणाशिवाय लिहिला की त्याचा ‘असत्य’ होतो, मी यात अख्खी रात्र घालवलीय. त्यात लोक स्ट्रिंगच्या आत इफ आणि लूप कोंबतात, वर टेम्प्लेट, टेम्प्लेटमध्ये स्पेस मोजून इंडेंट, आणि म्हणतात आमचं सगळं डिक्लेरेटिव्ह.

जुना_डीबीए
नॉर्वेचं २००९ च्या १.२ आवृत्तीत काढलंय ना.

रात्रपाळी
कागदावर काढलंय. याम्ल वाचणाऱ्या कित्येक लायब्ऱ्या अजून १.१ धरून बसल्यात, आणि रात्री अडीचला फोन मला येतो, कागदाला नाही. अजून एक ऐका. इन्फ्रा कोडमध्ये, म्हणजे सर्व्हर उभे करायच्या कोडमध्ये, पाच सर्व्हर एका यादीतून बनवले होते, ओळख म्हणजे यादीतला नंबर. पहिलं नाव काढलं, एकच सर्व्हर जायला हवा होता, टूलने एक नंबर सरकवून उरलेले चारही पाडून नव्याने बांधायचा प्लॅन केला. वरून सगळं ‘काय हवं’च लिहिलेलं. प्लॅन न वाचता हो म्हणणारा माझा सहकारी होता, निस्तरणारा मी.

तर्कट
हा तर थेट क्रमाचाच दाखला झाला. नावाने ओळख दिली असती तर यादी कशीही फिरवा, काही पडलं नसतं.

रात्रपाळी
नंतर तेच केलं. आणि याम्लवरचा माझा राग त्याने कमी होत नाही.

रेषेबाहेर
कसोटीवाल्यांना एक प्रश्न. सीएसएस, वेबपान कसं दिसावं ते सांगणारी भाषा. सारख्याच वजनाचे दोन नियम, नंतरचा जिंकतो. क्रम बदलला की रंग बदलला. मग सीएसएस इम्परेटिव्ह, म्हणजे पायरीपायरीने हुकूम देणारी, का? तिथे ना लूप, ना असाइनमेंट, ना ‘आधी हे कर मग ते’. आम्ही स्टाइलशीटच्या फायली जोडण्याचा क्रम बदलला तर अर्ध्या साइटची बटणं बिघडली, तरी मी त्याला डिक्लेरेटिव्हच म्हणेन. तुमची कसोटी इथे मोडते.

कंसातला_कंस
मोडते. दोन तास पळवाट शोधली, सापडली नाही. तिथला क्रम वेळेचा नाही, अग्रक्रमाचा आहे, तो नियमांच्या अर्थामध्येच लिहिलेला आहे, पहिल्या नियमापासून पायऱ्या चालवून बघावं लागत नाही. तर कसोटी अशी बदलतो: अर्थ सांगताना ‘आधी हे होतं, मग ते होतं’ असं म्हणावं लागलं तर डिक्लेरेटिव्ह नाही. संगणकशास्त्रज्ञ पीटर लॅन्डिननी १९६६ मध्ये ‘डिक्लेरेटिव्ह’पेक्षा ‘डिनोटेटिव्ह’ (अर्थ दर्शवणारी) शब्द बरा म्हटलं होतं, ते मला आज पटतंय. आणि ‘प्रोलॉग नापास’ ऐवजी ‘कट असलेलं प्रोलॉग नापास’. यापुढे एक पाऊल मागे जाणार नाही.

तर्कट
एवढं पुरे. पण डीबीएसाहेब, क्वेरीत डेटाबेससाठी हिंट लिहिता ना? हाच इंडेक्स घे, याच क्रमाने जॉइन कर. तो कंट्रोलच झाला, तरी एसक्यूएलला कुणी नापास करत नाही.

जुना_डीबीए
हिंट काढली तर क्वेरी तासभर चालेल, पण उत्तर तेच येईल. तुमचा कट काढून तेच उत्तर आणून दाखवा.