लांब केसांचे गिनीपिग आणि आपला उन्हाळा : अनुभव धागा

पेरुव्हियन, शेल्टी, कोरोनेट, टेक्सेल या लांब केसांच्या जाती पाळणाऱ्या सगळ्यांना निमंत्रण. उन्हाळ्यात तुमच्याकडे नेमकं काय करता ते लिहा. शहर लिहा, पिंजरा घरात कुठे आहे, काय वापरता, किती वापरता आणि कशानं बिघडतं तेही लिहा. "एसी लावा" एवढंच लिहून थांबू नका, सगळ्यांकडे एसी नसतो आणि असला तरी लाईट जातेच.

सुरुवातीला पाया पक्का करू. गिनीपिगला माणसासारखा घाम येत नाही आणि कुत्र्यासारखी धाप टाकून अंग गार करणंही त्याला नीट जमत नाही. अंगातली उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः कानांवाटे, थोडी पावलांवाटे. त्यावर लांब केसांची गोधडी. 18 ते 24 अंश त्याला मानवतं, 27 च्या पुढे लक्ष ठेवावं लागतं आणि 30 च्या पुढे हवा दमट असेल तर जिवाला धोका असतो. म्हातारे, लठ्ठ आणि गाभण जनावर आधी कोलमडतं.

थर्मामीटर भिंतीवर टांगू नका. पिंजऱ्याच्या जाळीला बाहेरून, जनावराच्या उंचीवर बांधा. दिवसातलं कमाल-किमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र पुरतं.

नागपूर. वरचा मजला, कूलर

आमच्याकडे नवतप्यात (मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत) 45 अंश असतात, पण हवा कोरडी. म्हणून इथे कूलर खरंच काम करतो. बाहेर 45 आणि आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास असली, तर कूलरमधून 28-29 अंशांची हवा मिळते. अट एकच, कूलर खिडकीत बसवून बाहेरची हवा ओढायला हवा आणि समोरची खिडकी किंवा दार चार बोटं तरी उघडं हवं. बंद खोलीत मधोमध ठेवलेला कूलर तीच ओली हवा फिरवत राहतो. तासाभरात खोली दमट होते आणि गारवा संपतो.

झोत थेट पिंजऱ्यावर नको. सहा-सात फूट लांब ठेवून समोरच्या भिंतीकडे सोडा, नाहीतर शिंका आणि नाक गळणं सुरू होतं. टाकीतलं पाणी रोज बदला. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या दर हंगामात नव्या घ्या, जुन्या ताट्यांना बुरशी धरते.

वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. सूर्य मावळला म्हणून कूलर बंद करू नका. जमत असेल तर एप्रिल-मे पिंजरा खालच्या मजल्यावर हलवा.

डोंबिवली. तळमजला, दमट हवा

वरचा नागपूरचा उपाय कोकणपट्टीत करू नका. इथे 34 अंश आणि 65-70 टक्के आर्द्रतेत कूलर फार तर चार अंश उतरवतो आणि बदल्यात खोलीची आर्द्रता नव्वदच्या पुढे नेतो. लांब केस वाळत नाहीत, त्वचेला बुरशी लागते.

तुमच्याकडे कूलर चालेल का, हे ठरवायची सोपी रीत आहे. साध्या थर्मामीटरच्या गोळ्याला ओलं सुती फडकं गुंडाळा, पंख्यासमोर दहा मिनिटं धरा आणि कोरड्या थर्मामीटरशी तुलना करा. फरक दहा अंशांहून जास्त असेल तर कूलर घ्या. पाच-सहाच असेल तर पैसे एसीसाठी ठेवा.

एसी 25-26 वर पुरतो. 20 वर लावून दुपारी बंद करू नका, या चढउतारानेच जनावर आजारी पडतं. नुसत्या पंख्याचा भरवसा धरू नका. पंखा आपला घाम वाळवतो म्हणून आपल्याला गार वाटतं. गिनीपिगला घामच नाही, त्यामुळे 38 अंशांत पंखा फक्त गरम हवा अंगावर मारतो. पंख्याचा उपयोग पिंजऱ्यातली कोंदट हवा आणि मुताचा उग्र वास बाहेर काढायला.

गोठवलेल्या बाटल्या मात्र इथेही चालतात. एक लिटरची बाटली पाऊण भरा (बर्फ फुगतो), पातळ टॉवेलमध्ये गुंडाळा आणि स्टीलच्या ताटलीत आडवी ठेवा. ताटली नसेल तर बाटलीवर जमलेलं पाणी अंथरुणात मुरतं. बाटली पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्यात हवी, म्हणजे गार वाटलं तर जनावराला लांब सरकता येतं. जेल भरलेल्या मॅट नकोत, कुरतडून फोडतात.

पुणे. केस कापण्याबद्दल सविस्तर

इथे बरेच जण विचारतात की उन्हाळ्यात सरसकट भादरून टाकावं का. नको. त्वचेपर्यंत कापलं तर ओरखडे, कातडी कापली जाणं, जळजळ हे सगळं मागे लागतं. पाठीवर चार-पाच सेंटिमीटर राहू द्या. खरी अडचण मागच्या झालरीची (मागे लोंबणाऱ्या लांब केसांची) आणि पोटाखालची असते. तिथले केस मुतात भिजतात, चिकटतात आणि हवा आत जाऊ देत नाहीत.

जनावराला टेबलावर जाड टॉवेलवर बसवा. एकानं पुढून छातीखाली हात देऊन धरायचं, दुसऱ्यानं कापायचं. पुढे कोथिंबिरीची काडी द्या. धातूची बारीक फणी आणि बोथट टोकाची कात्री एवढंच लागतं. केस कापायच्या मशीनच्या आवाजानं बरेच गिनीपिग बिथरतात.

फणी टोकाकडून सुरू करून हळूहळू मुळाकडे न्या. मुळापासून ओढली तर गुंता घट्ट बसतो. मग बट दोन बोटांत चिमटीत धरा आणि बोटांच्या बाहेरच्या बाजूनं कापा. कात्री आणि कातडी यांच्यामध्ये तुमची बोटं नेहमी असली पाहिजेत. गिनीपिगची कातडी पातळ आणि सैल असते. गुंता ओढला की ती तंबूसारखी वर येते आणि केस समजून कात्रीत सापडते. घट्ट गुंत्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, गुंता केसांच्या दिशेनं उभा चिरा, दोन-तीन भाग करा आणि मग एकेक भाग विंचरून काढा.

झालर जमिनीपासून दोन बोटं वर राहील इतकी कापा. मागच्या पायांच्या मधले आणि गुदाभोवतीचे केस एक सेंटिमीटरपर्यंत आखूड ठेवा. पेरुव्हियनचे केस तोंडावर येतात, ते डोळ्यांच्या वर कापा. केस महिन्याला साधारण अडीच सेंटिमीटर वाढतात, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी परत बसावं लागतं. टेक्सेलचे कुरळे केस सर्वांत आधी गुंततात, त्याला एक दिवसाआड फणी हवीच.

गार करायला म्हणून अंघोळ घालू नका. मागचा भाग घाण झाला असेल तर तेवढाच कोमट पाण्यानं धुवा आणि मुळापर्यंत कोरडा करा. ओलसर, घाण केसांवर माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडू शकतात. उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर रोज संध्याकाळी उलटं धरून मागची बाजू बघा. अळी दिसली की त्याच क्षणी डॉक्टर, सकाळची वाट नाही.

सोलापूर. माठ आणि फरशी

कोरड्या हवेत जुना माठ फार कामाचा. अर्ध्यात कापून घ्या, कडा दगडावर घासून बोथट करा आणि दोन्ही बाजूंनी तोंड राहील असा पालथा ठेवा. एकच दार असेल तर आत हवा कोंडते. सकाळी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, निथळला की पिंजऱ्यात. चकाकी दिलेलं भांडं चालत नाही, त्याला पाणी पाझरत नाही. दुपारी एकदा बाहेरून पाणी शिंपडा.

खाली शहाबादी फरशीचा एक फूट बाय एक फूट तुकडा ठेवा. फ्लीसची मऊ घरटी आणि गाद्या मार्च ते जून पूर्ण काढून टाका.

पाण्याच्या दोन बाटल्या लावा. एका किलोच्या जनावराला एरवी रोज 100 मिली लागतं, उन्हाळ्यात जास्त. नळीची गोळी अडकते, म्हणून रोज बोटानं दाबून पाणी येतंय का बघा. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाइतकं तापलेलं येतं, माठातलं भरा. व्हिटॅमिन सी पाण्यात मिसळू नका, उष्णतेनं आणि उजेडानं ते निकामी होतं. ढोबळी मिरचीतून द्या.

काकडी, कलिंगडाची साल थोडीच. जास्त दिली की जुलाब, आणि जुलाब म्हणजे झालर पुन्हा बरबटली. ओली भाजी दोन तासांत उचला. सुकं गवत रात्री नऊनंतर आणि पहाटे भरपूर टाका, दुपारी ते खात नाहीत. ताज्या दूर्वा उत्तम. कोवळी हिरवी ज्वारी मात्र कधीही नको, तिच्यात सायनाइड तयार करणारा घटक असतो.

कोल्हापूर. ऊन लागलं तर

लक्षणं : आडवं पसरून पडणं, जोरात श्वास, तोंडातून लाळ, हनुवटीखालचे केस ओले, कान लालबुंद आणि गरम. पुढे झटके येतात.

आधी सावलीत, गार फरशीवर. कान आणि चारही पावलं माठाच्या पाण्यानं भिजवा आणि पंखा लावा. केसांवर पाणी ओतून उपयोग नाही, ते मुळाशी पोचत नाही. पोटाखाली ओला नॅपकिन ठेवा आणि तो तापला की बदला. पाठीवर ओलं फडकं पांघरलं तर उष्णता आतच कोंडते. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी सोडू नका, फुप्फुसात जातं.

गुदातलं तापमान 38 ते 39.5 असतं. 39.5 पर्यंत उतरलं की भिजवणं थांबवा, पुढे ते आपोआप उतरत राहतं. उठून बसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, मूत्रपिंड आणि आतड्यांना झालेली इजा नंतर दिसते. बारा तास खाल्लं नाही तरीही दाखवा. एरवीचा प्रवास पहाटे, टोपलीत गुंडाळलेली गार बाटली. आणि तोंडावाटे अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन लिहून दिलं तर तिथेच विचारा, गिनीपिगच्या आतड्यांना ते जीवघेणं ठरतं.

औरंगाबाद रस्ता, नगर. लाईट गेली की

दोन जनावरांमागे चार बाटल्या कायम ठेवा. दोन पिंजऱ्यात, दोन फ्रीजरमध्ये गोठत. पिंजऱ्याच्या दोन बाजूंना ओलं सुती धोतर सोडा, उरलेल्या दोन बाजू मोकळ्या ठेवा. चारही बाजू झाकल्या तर आत वाफ धरते. पश्चिमेची खिडकी सकाळी दहालाच जाड पडद्यानं बंद करा, रात्री दहानंतर उघडा. आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. उकाड्याच्या आठवड्यात 50 ग्रॅम घटलं, तर बाहेरून तो कितीही ठीक दिसत असला तरी डॉक्टरांना फोन करा.