मदत हवी आहे: एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ठीक, मग अपो-बी टेस्ट कशाला?

नमस्कार मंडळी, मी चोपड्याचा, वय ४२. आमच्या नानांना ५१ व्या वर्षीच अटॅक आला होता म्हणून मी जळगावला लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून घेतलं. एलडीएल ११२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४. मी खूश, म्हटलं एलडीएल तर बरंय, पण डॉक्टर म्हणे अपो-बी आणि लायपोप्रोटीन-ए पण करा.

त्यांनी सांगितलं ते असं की एलडीएलच्या प्रत्येक कणावर अपो-बी नावाचं प्रथिन एकच असतं, म्हणजे अपो-बी मोजलं की कण किती ते कळतं, आणि ट्रायग्लिसराइड जास्त अन् एचडीएल कमी असलं की कण बारीक अन् संख्येने जास्त असू शकतात, एलडीएलचा आकडा साधा दिसला तरी. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) म्हणे बहुतेक आनुवंशिक, ती टेस्ट एकदा केली तरी चालते.

अपो-बी आलं १२४, दुसरा रिपोर्ट बाकी आहे. कोणी या टेस्ट केल्यात का? पुढे कॅल्शियम स्कोअरचा सीटी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम बघणारा स्कॅन) केला का थेट कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली? लहान भावालाही करायला लावू का? डॉक्टरांकडे सोमवारी जायचंय, काय काय विचारू तेही सांगा. आणि भरीत-पुरीचा सीझन आलाय, घरी तेलाची तर्री बघूनच आता धडकी भरते राव!