बेटिंग साइट ब्लॉक असूनही भावाच्या मोबाईलवर चालू आहे, सरकारी ब्लॉकिंगचा खरंच उपयोग होतो का? (मदत हवी आहे)

मंडळी नमस्कार, नेटवर्क, बँकिंग किंवा सायबरमधलं ज्यांना कळतं त्यांनी प्लीज वाचा, लांबलंय पण मला हे नीट समजून घ्यायचंय.

माझ्या धाकट्या भावाला ऑनलाइन जुगाराचं व्यसन आहे. आधी फँटसी टीम, मग रमी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायचे सगळेच ऑनलाइन खेळ बंद म्हटल्यावर मोठमोठ्या ॲप्सनी आपणहून दुकान आवरलं, तेव्हा घरात सगळ्यांनाच हायसं वाटलं. काही दिवस बरे गेलेही. मग टेलिग्रामवर कुणीतरी त्याला क्रिकेटची "आयडी" (बेटिंगचं लॉगिन) दिली आणि सगळं पुन्हा सुरू, आणि हे आधीपेक्षा वाईट आहे कारण आधी निदान कंपनी कोण ते माहीत होतं, केवायसी होतं, आता समोर कोण बसलंय काहीच पत्ता नाही.

मी त्याच्या शेजारी बसून बघितलं. घरच्या वायफायवर तो पत्ता टाकला की सरकारच्या आदेशाने साइट ब्लॉक केल्याचा मेसेज येतो. वायफाय बंद करून मोबाईल डेटावर तोच पत्ता टाकला तर सरळ उघडते! आणि जेव्हा डेटावरही बंद होते तेव्हा ग्रुपवर नवीन लिंक पडलेली असते, नाव तेच, फक्त शेवटी एखादा आकडा वाढलेला, आत लॉगिन केलं की जुना बॅलन्स जसाच्या तसा. पैसे भरायच्या पानावर क्यूआर येतो तो दरवेळी वेगळ्याच नावाचा, कधी कुठलं तरी ट्रेडर्स, कधी कुणा बाईचं नाव, आणि खाली सूचना की रिमार्कमध्ये गेम किंवा बेट असं काही लिहू नका.

तर माझं विचारणं असं आहे की ब्लॉक केलेली साइट एकीकडे बंद आणि दुसरीकडे चालू असं कसं होतं, सरकारने असंच ब्लॉक करत राहिलं तर कधी ना कधी हे संपेल का, की माणसं अजून लपलेल्या आणि फसव्या ठिकाणी जातील, आणि आम्ही तक्रार केली तर भाऊच अडकेल का. त्याला सोडायचंय, तो स्वतः म्हणतो, रडतो पण, पण मॅच सुरू झाली की हात फोनकडे जातोच. कृपया उपदेश नको, काय करता येईल ते सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी नेटवर्कचं काम करतो, त्यामुळे त्या बाजूचं सांगतो. ब्लॉकिंग म्हणजे दिल्लीत एक बटण दाबलं आणि देशभर साइट गेली असं नसतं. आयटी कायद्याच्या कलम ६९ए खाली आदेश निघतो, तो इंटरनेट कंपन्यांकडे जातो आणि प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने तो लावते. कुणी डीएनएसमध्येच अडवतं, म्हणजे फोनने साइटचा पत्ता विचारला की खरा पत्ता देतच नाहीत. कुणी कनेक्शन जोडलं जाताना साइटचं नाव वाचून तिथेच तोडतं, एचटीटीपीएस असलं, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद असली, तरी सुरुवातीला ते नाव बहुतेक वेळा उघडंच जातं. वायफायची कंपनी वेगळी, मोबाईलची वेगळी, म्हणून वायफायवर बंद, डेटावर चालू. व्हीपीएन, म्हणजे सगळं इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमधून लपवून नेणारी सोय, असेल तर यातलं काहीच लागू पडत नाही.

खरी गोम वेगळीच आहे. आदेश निघतो डोमेनच्या नावावर, आणि नवीन डोमेन घ्यायला त्यांना काही मिनिटं लागतात. मागचा सर्व्हर तोच, खाती तीच, म्हणून तुमच्या भावाचा बॅलन्स हलत नाही. एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून घेतलेलं ॲप, टाकलेलं असेल तर लिंकसुद्धा शोधावी लागत नाही, ॲप स्वतःच नवीन पत्ता उचलतं. ५ नोव्हेंबर २०२३ ला ईडीच्या विनंतीवरून केंद्राने महादेव बुक धरून २२ बेटिंग ॲप्स आणि साइट ब्लॉक केल्या होत्या, धंदा काही त्या दिवशी थांबला नाही, त्यानंतरही त्या प्रकरणात छापे पडतच राहिले.

पण उपयोगच नाही असंही मी म्हणणार नाही. जाहिराती गेल्या, प्ले स्टोअरवरून ॲप्स गेली, म्हणजे जो अजून यात पडलेला नाही तो सहज पडणार नाही. अट्टल खेळणाऱ्याला मात्र ब्लॉकिंग फक्त उशीर करतं. आता त्या उशिराचाच फायदा करून घ्या, कारण ज्याला सोडायचंय त्याच्यासाठी खेळायचा झटका आल्यावरची दहा मिनिटं फार मोलाची असतात.

ऑस्ट्रेलियातही नोव्हेंबर २०१९ पासून बेकायदा जुगाराच्या साइट ब्लॉक करतात, पण तिथे लायसन्सवाल्या कंपन्याही आहेत आणि ऑगस्ट २०२३ पासून बेटस्टॉप नावाची सरकारी यादी आहे, माणूस स्वतःचं नाव त्यात घालतो आणि मग लायसन्सवाली कुठलीच कंपनी त्याला खेळू देऊ शकत नाही. आपल्याकडे सरसकट बंदी, त्यामुळे अशी यादी लागू करायला कायदेशीर कंपनीच उरलेली नाही, आणि टेलिग्रामवाला असली यादी कशाला बघेल. म्हणून ते कुलूप फोनमध्येच लावावं लागतं. बेटब्लॉकर नावाचं ॲप फुकट आहे, ठरवलेल्या मुदतीपर्यंत जुगाराच्या साइट अडवतं. नेक्स्टडीएनएस या डीएनएसमधूनच साइट गाळणाऱ्या सेवेतही गॅम्बलिंगची पूर्ण कॅटेगरी बंद करता येते. क्रोमला आणि टेलिग्रामला बाहेरची ॲप्स इन्स्टॉल करायची परवानगी असेल तर ती काढा. हे सगळं त्याच्या संमतीने, त्याच्यासमोर करा, चोरून केलंत तर तो दुसरा फोन घेईल.

प्रतिसाद २

नेटवर्कचं वर आलंच आहे, मी बँकेत आहे, पैशाचं सांगते. माझं स्पष्ट मत, साइटच्या मागे धावू नका, पैशाची वाट आवळा. डोमेन रोज बदलतं, तुमच्या भावाचं सॅलरी अकाउंट बदलत नाही.

ते वेगवेगळ्या नावांचे क्यूआर म्हणजे भाड्याने घेतलेली खाती. त्यात ऑनलाइन फसवणुकीचे पैसेही फिरतात. त्यामुळे तो जिंकला आणि त्याच्या खात्यात पैसे आले तरी ते कुणाच्या तरी फसवणुकीचे निघू शकतात, मग सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक खात्यावर होल्ड टाकते आणि पगारसुद्धा अडकतो. आमच्या शाखेत असे लोक येतात, त्यांना वाटतं बँकेची चूक आहे. आणि त्याला एक गोष्ट बजावून सांगा, आयडीवाल्याने "तुझं खातं वापरायला दे, कमिशन देतो" म्हटलं तर अजिबात द्यायचं नाही.

खेळणाऱ्याला या नव्या कायद्यात शिक्षा नाही. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. तेव्हा या कायद्याखाली नुसतं खेळला म्हणून तो अडकेल ही भीती काढून टाका, पण खातं भाड्याने दिलं तर ते प्रकरण वेगळं, तिथे कुणी वाचवणार नाही.

यूपीआय सर्कल बघा, म्हणजे आपल्या खात्यातून दुसऱ्याला यूपीआयने पैसे भरू द्यायची सोय. पगार आला की तो आईच्या किंवा तुमच्या खात्यात वळवायचा, आणि त्याला सर्कलमध्ये घ्यायचं. त्यात एक प्रकार असा की त्याने केलेलं प्रत्येक पेमेंट तुम्ही मंजूर केल्याशिवाय जात नाही, दुसऱ्यात महिन्याला जास्तीत जास्त १५,००० ची मर्यादा घालून मोकळीक देता येते. सुरुवातीला पहिलाच ठेवा. क्रेडिट कार्ड आणि झटपट लोनची ॲप्स आधी बंद करा, कारण खात्यात पैसे नसले की माणूस तिकडेच वळतो. आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. भावाला एकट्याला बोलू द्या, तुम्ही शेजारी बसू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आम्ही इतके दिवस लिंकांचे स्क्रीनशॉटच गोळा करत होतो, खात्याचा विचारच कुणी केला नव्हता. सर्कलचं त्याला सांगितलं, तयार आहे, आईचं नको तुझं खातं चालेल म्हणाला.

नेटवर्कवाल्या दादांना एकच विचारते. त्याला ऑफिसच्या कामासाठी कंपनीचं व्हीपीएन लागतं, ते काढता येणार नाही. मग नेक्स्टडीएनएस लावून ते चालू केलं की जुगाराच्या साइट पुन्हा उघडतील का? आणि फक्त कंपनीचं व्हीपीएन ठेवून बाकीची इन्स्टॉलच होऊ नयेत असं अँड्रॉइडवर करता येतं, की ऑफिसच्या कामाला वेगळा फोन घेणंच बरं?