लवणस्तंभात मीठ कुठे आहे?

कातरवेळ: मुलांसाठीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. विषय मेघालयातली मॉमलूह गुहा. तिथल्या एका स्टॅलग्माइटच्या, म्हणजे छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातल्या चुन्याने जमिनीवर उभ्या राहिलेल्या सुळक्याच्या, थरांत ४,२०० वर्षांपूर्वी मान्सून मंदावल्याची खूण सापडली आणि २०१८ साली भूशास्त्रज्ञांनी तेव्हापासून आजवरच्या काळाला 'मेघालयन' नाव दिलं. मी शाळेच्या भूगोलाला स्मरून 'ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ' लिहिलं. सातवीतली भाची वाचून म्हणते, "मावशी, एवढ्या पावसात विरघळत नाही का गं?" तिला मीठ वाटलं! असतो तर चुना. रविवारी मजकूर द्यायचाय, शब्द सुचवा.

जुनेर: भाचीचं बरोबर आहे. लवण म्हणजे मीठ. लोणचं त्यातूनच आलं. बायबलमधली लोटाची बायको मिठाचा खांब झाली, तो खरा लवणस्तंभ. मराठी रसायनाच्या पुस्तकात 'सॉल्ट'ला क्षार म्हणतात, लवण नव्हे. हा शब्द हिंदी परिभाषेतून ढापलेला असणार.

कोळपं: ढापलेला कशाला? सुळक्यातलं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, रसायनशास्त्राच्या हिशेबात 'सॉल्ट'च आहे. आणि लोणारी विसरलात? नाव लवणावरून, पण मिठाचे लोणारी वेगळे आणि चुनखडी भाजून चुना करणारे चुने-लोणारी वेगळे. मीठ आणि चुना मराठीने कधीच एका पोत्यात भरलेत. आमच्या गावाबाहेर जुन्या भट्टीची जागा आहे, अजून तिथली माती पायाला पांढरी लागते.

काळाकातळ: सह्याद्रीत शब्द शोधू नका, मिळणार नाही. आपला खडक लाव्ह्याचा. लेणी आपण कोरली, घळी आपोआप झाल्या, पण पाण्याने चुनखडी विरघळवून केलेली गुहा इथे कुठून आणणार? मी आंध्रातल्या बोरा गुहा पाहिल्या. वरून लोंबणाऱ्या टोकावर बॅटरी धरली होती. थेंब फुगतो, थरथरतो, पडतो. मग ते टोक क्षणभर कोरडं दिसतं आणि परत फुगायला लागतं. थेंबातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, चुन्याचा अगदी पातळ पापुद्रा मागे राहतो. म्हणून 'ठिबकसुळका'. वरचा लोंबता, खालचा उभा.

जुनेर: ठिबक म्हटलं की काळ्या नळ्या आणि अनुदानाचा अर्ज डोळ्यांपुढे येतो. 'बिंदुस्तंभ' घ्या.

कोळपं: आणि मुलं कंपासपेटी उघडतील.

कातरवेळ: ठिबकसुळका आवडला. थेंबाबरोबर युरेनियम येतं, कारण ते पाण्यात विरघळतं. थोरियम विरघळत नाही. तेव्हा सुळक्यात सापडणारं थोरियम जवळजवळ सगळं त्या युरेनियमपासून ठरावीक गतीने तिथेच झालेलं, त्यावरून थराचं वय काढतात. एवढं नीट उतरलंय. पुढची अडचण: पुस्तिकेत प्राचीन हवामानाची आणखी एक खूण आहे, लोणार तळ्याच्या गाळातले 'पराग' लिहू की 'परागकण'? पराग म्हणजेच धूळ, मग कण कशाला?

खारीक: पराग आणि परागंदा एकच हो! वाऱ्यावर परागंदा होतात ते पराग. माझा फार जुना सिद्धांत आहे.

जुनेर: परागंदा फारसी आहे, अर्थ विखुरलेला. पराग संस्कृत. काडीचा संबंध नाही.

खारीक: विखुरलेला म्हणालात ना? मग झालं तर.

काळाकातळ: लॅटिनमध्ये 'पोलेन' म्हणजे बारीक पीठ, तेव्हा धुळीची कल्पना तिकडेही आहेच. पण ही धूळ भलती चिवट. प्रयोगशाळेत गाळ हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकतात, त्यात वाळूसुद्धा विरघळते, परागाचं कवच मात्र शाबूत राहतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली बसून एकेक मोजायचा: हा गवताचा, हा झाडाचा. मोजायचे असतील तर 'परागकण'च लिहा.

जुनेर: लिहा. पण 'प्राचीन हवामान' लिहू नका. हवा अरबी, मान संस्कृत. शब्द धेडगुजरी आहे. 'जलवायू' म्हणा.

कोळपं: आता कोण हिंदीतून ढापतंय? शाळेत आम्हाला शिकवलं की रोजची ती हवा आणि अनेक वर्षांची सरासरी ते हवामान. तरी हवामान खातं उद्याचा पाऊस सांगतं आणि कुणाचं अडत नाही.

खारीक: आमची आजी सासरी पहिल्या वर्षी आजारी पडली तेव्हा म्हणायची, "इथलं हवापाणी मानवलं नाही." जलवायू म्हणजे तेच की, फक्त सोवळं नेसलेलं. आबोहवासुद्धा तेच.

जुनेर: हवापाणी गावाचं असतं, कालखंडाचं नसतं.

कोळपं: का नसतं? गुहेतला थेंब पाणीच आणि पराग हवेतूनच येतो. यापेक्षा नेमका शब्द दाखवा.

कातरवेळ: अहो, शनिवार उजाडला. भाचीला 'ठिबकसुळका' वाचून दाखवला. ती म्हणाली, सरळ 'चुन्याचा खांब' का नाही लिहीत? तूर्त तेच टाकलंय.

जुनेर: खांब रोवतात. तो वाढत नाही. बदला.