सेवेतून नेतृत्व येतं, की नुसती लॉगबुकवर सही?

रात्रपाळी: वॉर्डात नर्सिंगची विद्यार्थिनी सगळ्यांच्या खालची. इनचार्ज सांगणार, ती करणार. चार वर्षं मान खाली घालून वागलेली मुलगी पदवी हातात पडली की पुढारपण करेल, ही अपेक्षाच चुकीची. वस्तीतलं पोस्टिंग, म्हणजे घरोघरी जाऊन करायची सेवा, वाढवा. कुणाच्या उंबऱ्यावर उभं राहिलं की स्वतःच ठरवावं लागतं.

थर्मामीटर: आमचं वस्तीतलं शिबिर सांगू? दिवसभर बीपी मोजलं, बॅनरसमोर फोटो, लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीवर, सही. ज्यांचं बीपी वाढलेलं निघालं त्यांचं पुढे काय झालं, कुणी विचारलं नाही. ही फुकटची हमाली. मी नेतृत्व शिकले वॉर्डातच, डोस चुकीचा वाटला तेव्हा "सर, एकदा बघता का?" म्हणताना. पाय लटपटत होते.

रात्रपाळी: शिबिर वाईट होतं म्हणून सेवा वाईट? 1902 मध्ये वस्तीत काम करणाऱ्या परिचारिका लिलियन वाल्ड यांनी न्यूयॉर्कच्या शाळांत लिना रॉजर्स या परिचारिकेला पाठवलं. तिथे संसर्ग दिसला की डॉक्टर मुलाला घरी धाडत, उपचार मात्र कुणी करत नसे. रॉजर्स यांनी शाळेतच उपचार केले, घरी जाऊन आयांना समजावलं. मुलं वर्गात परतली. प्रयोग महिनाभराचा होता, पण तो बघून शहराने आणखी परिचारिका नेमल्या.

थर्मामीटर: त्या शिकून तयार झालेल्या परिचारिका होत्या, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनी नव्हे! शिकाऊ हात गरिबांवरच का बसवायचे?

जुनी_ट्यूटर: शेजारी ट्यूटर हवीच, ते मान्य. पण एक प्रसंग सांगते. माझ्या गटाने मधुमेहावर सुंदर पोस्टर केलं होतं. वस्तीतल्या आजी म्हणाल्या, "आम्हाला वाचता येत नाही, गोळ्या सगळ्या एकाच डब्यात." एरवी तोंड न उघडणारी मुलगी गटाशी भांडली, पोस्टर बाजूला ठेवायला लावलं, आणि सकाळच्या पुडीवर सूर्य, रात्रीच्या पुडीवर चंद्र काढून दिला. वर्गात पहिली येणारी रुसून बसली होती, ते वेगळं.

थर्मामीटर: छान. पोस्टिंग संपल्यावर त्या आजींकडे कोण गेलं?

जुनी_ट्यूटर: घरांची यादी पुढच्या तुकडीला दिली होती. तीन घरं राहूनच गेली. शेवटी मी गेले.

थर्मामीटर: म्हणजे नेतृत्व तुमचंच वाढलं की!