मांडे, खापर आणि नववा खर्डा

पांझराकाठ (धुळे)

गेल्या महिन्यात पुतण्याने माझ्यादेखत एआयकडून गोष्ट लिहून घेतली. विषय मीच दिला होता: खानदेशातलं घर, आई मांडे करतेय. अर्ध्या मिनिटात दोन पानं तयार. शुद्धलेखनाची एक चूक नाही. फक्त त्यातली आई तव्यावर तूप सोडून पोळी उलटत होती. आपले मांडे तव्यावर होतात का? चुलीवर खापर पालथं घालायचं, पुरण भरलेली पारी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि अलगद खापरावर सोडायची. पुतण्या म्हणाला, "काका, खापर सांगा, ते दुरुस्त करेल." सांगितलं, लगेच दुरुस्तही झालं. त्यामुळे माझी तक्रार त्या चुकीची नाही.

हाच प्रसंग मी तीन महिने लिहीत होतो. आठ खर्डे फाडले. सण कोणता होता, तेच जुळेना. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, म्हणावी तर अंगणात झोका नव्हता. पोळा म्हणावा तर बैलांना रंग नव्हता. आणि ओट्यावर घोंगडीवर बसलेले चार अनोळखी पुरुष मधेच यायचे. नवव्या खर्ड्यात त्यांना काढून टाकायला घेतलं आणि हात थांबला. ते आमच्या विहिरीचं पाणी पिऊन आले होते. त्या दिवशी सण नव्हताच. ते आमचं शेत विकत घ्यायला आले होते आणि आईने त्यांच्यासाठी मांडे केले होते. मी तेव्हा आठ वर्षांचा, आज 54 चा. इतकी वर्षं ती मला सणाची आठवण वाटत होती.

मलाच जे माहीत नव्हतं, ते मी कोणाला सांगून लिहून घेणार होतो? लिहिणाऱ्याने अडकायलाच हवं, असं माझं ठाम मत झालंय. तुम्हाला काय वाटतं?

वेचणी (पारोळा)

दादा, वाचून पोटात कालवलं. तरी मला हे पटत नाही.

माझ्या घरी अहिराणी. शाळेत "मला"ऐवजी "माले" म्हटलं की वर्ग हसायचा. आजही माझा "ळ" कधी "य" होतो ते कळत नाही. मागे एका दिवाळी अंकाकडून कविता परत आली, वर लाल शाईने "भाषा सुधारा". दिवसभर कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याच्या पावत्या लिहिते, रात्री नऊनंतर अर्धा तास माझा. एआय मला शुद्ध करून देतं, हसत नाही, आणि कितीदाही विचारलं तरी चिडत नाही. दोन कविता छापून आल्या. ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट होतं, त्यांना अडकणं परवडतं. आम्ही उंबऱ्यावरच अडकलेले होतो.

छापखाना (जळगाव)

ताईंशी सहमत. वेळ लागला म्हणून लिखाण चांगलं, हे मी मानत नाही. साने गुरुजींनी "श्यामची आई" नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये पाच दिवसांत लिहिली. आणि दहा-दहा वर्षं घासलेल्या कादंबऱ्या मी स्वतः टाइप केल्यात. त्यांचे गठ्ठे अजून माझ्या माळ्यावर आहेत. दुसऱ्याकडून लिहून घेणंही नवं नाही. गौरवग्रंथातली निम्मी मनोगतं आमच्या टेबलावरच तयार होतात. माणसाने लिहून दिलेलं चालतं, मग यंत्राने दिलेलं का चालू नये? वाचकाला पान वाचायचं असतं, तुमचे खर्डे मोजायचे नसतात.

बोरीकाठचा मास्तर (अमळनेर)

भाऊ, पाच दिवसांचा हिशेब पुरा करा. गुरुजींची आई 1917 साली गेली. 1924 ते 1930 ते आमच्या अमळनेरला शाळेत शिकवत होते, वसतिगृहात मुलांची आईसारखी उस्तवार करत होते. लेखणी धरली 1933 ला. सोळा वर्षं ती बाई त्यांच्या आत होती. पाच दिवस लागले ते उतरवायला.

आणि ताई, तुमच्यासाठी एकच सांगतो. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, कामाच्या चालीवर ओळी जुळायच्या. त्या ओळी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने कागदावर उतरवून घेतल्या. 1951 ला बहिणाबाई गेल्या, 1952 ला संग्रह आला, तो त्यांच्याच बोलीत. उतरवून घेणाऱ्यांनी ती बोली "शुद्ध" केली असती तर आज आपल्या हातात काय उरलं असतं? तुम्हाला हसणारा वर्ग चुकला होता, तुमची भाषा नाही. मी मास्तर आहे, आमच्याकडून हे पाप झालंय, म्हणून सांगतो.

नववीला निबंध दिला होता, "माझे गाव". चौदा वह्यांत गावाशेजारून झुळझुळ नदी वाहते. आमची बोरी उन्हाळ्यात पार कोरडी असते, पोरं पात्रात क्रिकेट खेळतात. त्यांनाच ती दिसेनाशी झालीये, याची मला भीती वाटते.

केळीबाग (रावेर)

आता कोणीतरी एआयला कार्बाइडने पिकवलेलं केळ म्हणेल, त्याआधीच सांगतो. व्यापारातलं केळ कच्चंच उतरवतात आणि चेंबरमध्ये पिकवतात. झाडावर पिकू दिलं तर साल फाटते. त्यात कमीपणा काही नाही. मात्र लागवडीपासून घड भरायला अकरा-बारा महिने जातात, त्याला कुठलं चेंबर नाही. वेलांटी, अनुस्वार, परिच्छेद पाडणं खुशाल एआयला द्या. घड भरलेला हवा, एवढंच.

छापखाना (जळगाव)

मास्तर, सोळा वर्षांचं म्हणणं मान्य. बाकी माझं मत तेच आहे. बहिणाबाईंना सोपानदेव होते. ताईंना कोण आहे? ज्यांच्याकडे उतरवून घेणारं माणूस नाही, त्यांच्या हातातलं साधन काढून घेऊ नका.

पांझराकाठ (धुळे)

काढून घ्यायचं नाहीच भाऊ. पण उतरवून घेणारा आणि बदलून टाकणारा यांत फरक आहे. ताई, छापून आलेली कविता आणि तुमचा मूळ कागद एकदा शेजारी ठेवून बघाल? तुम्हाला चुकीचं ठरवायला नाही, मला खरंच जाणून घ्यायचंय.

वेचणी (पारोळा)

दोन दिवस उत्तर दिलं नाही. मूळ कागद सापडत नव्हता, पावत्यांच्या गठ्ठ्यात निघाला.

दादा, कापूस वेचताना आई कमरेला लुगड्याचा फडका बांधते, त्यात कापूस टाकत जाते. मी लिहिलं होतं "ओटी". छापून आलंय "पिशवी". मी वाचलं, अंक घरी सगळ्यांना दाखवला, आणि माझ्या लक्षातही आलं नाही. आईला लेकरू झालं तेव्हाही ओटी भरली आणि रानातही ओटीच भरते, म्हणून तर कविता सुचली होती. तीच गेली. "पराटी"चंही "कपाशीचे रोप" झालंय.

छापखानावाले दादा म्हणतात ते मला अजूनही खरं वाटतं. ऱ्हस्व-दीर्घ मी एआयलाच विचारणार, त्याची लाज वाटत नाही. पण ही कविता मी परत लिहायला घेतलीये. काल रात्री दुसऱ्या ओळीवर अडकले. ओटीची गाठ आई पुढे मारते की बाजूला, तेच आठवेना. शेवटी फोन लावला. म्हणाली, "बाजूले वं. पुढे मारी ते वाकताना पोटले रुतस."